सकाळी टाच टेकवत नाही, मुलाची नडगी दुखते: काय करावे?

प्रश्न: सांजवेळ, कांदिवली

नमस्कार. माझे वय ४६ असून मी दादरला एका माध्यमिक शाळेत गणित शिकवते. दिवसातले पाच तास फळ्यासमोर उभे राहण्यात जातात आणि लोकलमध्ये येता-जाता बसायला जागा क्वचितच मिळते. नवरात्रात नऊ दिवस अनवाणी राहण्याचा आमच्या घरचा जुना नेम आहे. सासूबाईंनी तो चाळीस वर्षे पाळला आणि त्यांच्यानंतर मी पाळते. यंदा मात्र सातव्या माळेला उजव्या टाचेत कळ सुरू झाली आणि दसरा होऊन अडीच महिने उलटले तरी ती गेलेली नाही.

सकाळी अंथरुणातून उठून पहिले पाऊल टाकले की टाचेखाली, आतल्या बाजूला, खिळा रुतावा तसे होते. भिंतीला धरून आठ-दहा पावले चालले की कळ ओसरते आणि आंघोळ उरकेपर्यंत मला तिची आठवणही राहत नाही. शाळेत मधल्या सुट्टीत वीस मिनिटे बसून उठले की पुन्हा तेच होते, आणि संध्याकाळी दादरच्या पुलाचा जिना चढेपर्यंत टाच ठणकू लागते. एक्स-रे काढला, त्यात टाचेचे हाड वाढलेले दिसले. एका डॉक्टरांनी लगेच इंजेक्शन घ्यायला सांगितले आणि त्याने भागले नाही तर वाढलेले हाड शस्त्रक्रियेने काढावे लागेल असेही म्हणाले. शेजारच्या काकू तापवलेल्या विटेवर रुईची पाने ठेवून टाच शेकायला सांगतात. मी अजून यातले काहीच केलेले नाही. रात्री तेल चोळते, एवढेच.

दुसरा प्रश्न मुलाचा आहे. तो १९ वर्षांचा असून पोलीस भरतीची तयारी करतो आहे. मैदानी चाचणीतल्या १६०० मीटर धावण्यासाठी त्याने गणपतीनंतर रोज पहाटे डांबरी रस्त्यावर धावायला सुरुवात केली आणि तेव्हापासून त्याच्या दोन्ही नडग्या दुखतात. आधी धावून झाल्यावर दुखायचे, आता धावायला लागल्याबरोबर दुखते. भरती तोंडावर आहे म्हणून तो एक दिवसही थांबायला तयार नाही. आम्हा दोघांच्या दुखण्याचे कारण एकच असू शकते का, आणि घरच्या घरी काय करता येईल, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद: पाऊलवाट, परळ

सांजवेळताई, मी गेली २२ वर्षे फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते आणि तुम्ही केले आहे तसे वर्णन दर आठवड्याला ऐकते. प्रत्यक्ष पाय तपासल्याशिवाय निदान पक्के होत नाही, हे आधी नमूद करते. तरीही सकाळचे पहिले पाऊल, बसून उठल्यावर परतणारी कळ आणि टाचेखाली आतल्या बाजूचे नेमके ठिकाण, या तीन गोष्टी एकत्र आल्या की बहुतेक वेळा तो प्लांटर फॅसायटिस, म्हणजे तळपायातल्या पट्ट्याची सूज, निघतो.

टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळांपर्यंत तळपायात एक जाड, चिवट पट्टा असतो. धनुष्याची दोरी जशी दोन टोके ओढून धरते, तसा हा पट्टा तळव्याची कमान धरून ठेवतो. चालताना टाच उचलून आपण चवड्यावर येतो तेव्हा बोटे वर वळतात, पट्टा ताणला जातो, कमान ताठ होते आणि त्या ताठपणाच्या जोरावर आपण पाऊल पुढे रेटतो. झोपेत मात्र पाऊल खाली झुकलेले असते, त्यामुळे पट्टा आणि पोटरी रात्रभर आखडून राहतात, आणि सकाळी सगळे वजन एकदम पडले की पट्ट्याचे टाचेकडचे टोक ओढले जाते. तुमच्या खिळ्याचे मूळ तिथे आहे. नावात सूज असली तरी जुन्या दुखण्यात सुजेपेक्षा पट्ट्याची झीज अधिक आढळते. सोनोग्राफीत तो ४ मिलिमीटरपेक्षा जाड झालेला दिसतो. झिजलेल्या पट्ट्याला पुन्हा बळकट व्हायला महिने लागतात, म्हणून चार दिवस वेदनाशामक गोळ्या घेऊन हे दुखणे मिटत नाही.

आता वाढलेल्या हाडाविषयी थोडे विस्ताराने लिहिते, कारण या एका शब्दाने माणसे फार घाबरतात. एक्स-रेमध्ये दिसणारा तो काटा टाच कधीच न दुखलेल्या अनेकांच्या पायातही असतो, आणि टाच अत्यंत दुखणाऱ्या अनेकांच्या पायात नसतो. तो टोकदार दिसतो म्हणून तोच टोचत असेल असे वाटणे स्वाभाविक आहे, परंतु बहुतेकांची टाच पूर्ण बरी झाल्यावरही तो काटा जागच्या जागीच राहतो. केवळ तो दिसला म्हणून शस्त्रक्रियेचा विचार करू नये. या दुखण्यात शस्त्रक्रिया हा फार थोड्यांसाठी आणि अनेक महिने बाकीचे सारे उपाय नीट करून झाल्यानंतरचा मार्ग आहे.

उपाय सांगते. सकाळी पाय जमिनीवर ठेवण्याआधी पलंगावरच बसा, दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घ्या आणि हाताने पाचही बोटे नडगीच्या दिशेने ओढा. तळव्याची कमान ताठ झालेली दुसऱ्या हाताच्या बोटांना लागली पाहिजे. दहापर्यंत मोजा, सोडा, असे दहा वेळा करा. हाच ताण दिवसातून आणखी दोनदा द्या, आणि त्यातला एक मधल्या सुट्टीत खुर्चीवरून उठण्यापूर्वी असू द्या. सोबत भिंतीला हात टेकून पोटरीचा ताण घ्या, एकदा मागचा गुडघा सरळ ठेवून आणि एकदा किंचित वाकवून, कारण पोटरीत दोन थर आहेत आणि खालचा थर गुडघा वाकवल्याशिवाय नीट ताणला जात नाही.

कळ थोडी शमली की ताकदीचा व्यायाम सुरू करावा, आणि माझ्या अनुभवात लोक नेमका हाच टाळतात. जिन्याच्या पायरीवर चवडा ठेवा, बोटांखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवा म्हणजे बोटे वर वळलेली राहतील, कठड्याला धरा आणि तीन सेकंदांत टाच वर, दोन सेकंद थांबा, तीन सेकंदांत खाली, असे सावकाश करा. हा व्यायाम एक दिवसाआड करायचा आहे, रोज नाही. सुरुवातीला दोन्ही पायांवर करा, जमू लागले की एका पायावर या, आणि पुढे पाठीवर पुस्तकांची पिशवी घेऊन वजन वाढवा. डेन्मार्कमधील संशोधकांनी २०१४ साली हा व्यायाम नुसत्या ताणाच्या व्यायामाशी ताडून पाहिला, तेव्हा तीन महिन्यांनी ताकदीचा व्यायाम करणाऱ्यांना अधिक आराम होता; वर्षअखेरीस दोन्ही गट जवळपास सारखेच झाले. म्हणजे ताणाने गुण येत नाही असे नाही, फक्त ताकदीने तो लवकर येतो. व्यायाम करताना दहापैकी तीन-चार इतके दुखणे चालेल, मात्र दुसऱ्या दिवशी सकाळची कळ वाढता कामा नये. वाढली तर दोन पावले मागे या.

घरात लादीवर अनवाणी फिरू नका. घरात वापरायला मऊ तळाची, टाचेकडे किंचित उंच अशी वेगळी चप्पल ठेवा; एमसीआर (बारीक छिद्रांच्या मऊ) रबराची चप्पल बहुतेकांना मानवते. पूर्ण सपाट, कडक चामडी चप्पल सध्या बाजूला ठेवा. बुटात घालायची तयार मऊ टाच किंवा कमानीला आधार देणारी गादी आधी वापरून पाहा, कारण मापाने करून घेतलेली महाग गादी सरसकट अधिक गुणकारी ठरलेली नाही. मापाचीच लागणार असेल, तर हाजी अलीला १९५५ पासून केंद्र सरकारची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे, तिथे पादत्राणे आणि आधार तयार करून देण्याचा विभाग आहे. संध्याकाळी ठणका लागला तर पाण्याची बाटली बर्फ होईपर्यंत गोठवून, पातळ कापडात गुंडाळून, पायाखाली पाच-दहा मिनिटे फिरवा. पोटरीला कोमट शेक चालेल. काकूंच्या विटेने थोडा वेळ बरे वाटेलही, परंतु तापलेल्या विटेवर अंदाज चुकून त्वचा भाजलेले रुग्ण मी पाहिले आहेत, म्हणून मी ती सुचवत नाही.

इंजेक्शनबद्दल विचारले आहे. स्टिरॉइडच्या इंजेक्शनाने काही आठवडे चांगला आराम मिळतो, पुढे तो ओसरतो, आणि वारंवार घेतल्यास टाचेखालची चरबीची गादी पातळ होण्याचा व क्वचित पट्टा तुटण्याचा धोका असतो. पाऊल टाकणेच अशक्य झाले असेल तर त्याला जागा आहे. तुम्ही पाच तास उभे राहून शिकवू शकता, तेव्हा मी तुमच्या जागी असते तर आधी तीन महिने व्यायामाला दिले असते.

नेमाविषयी मनापासून लिहिते. तो सोडा असे मी म्हणणार नाही. सासूबाईंचे पाय वर्षभर मोकळ्या जमिनीला सरावलेले असावेत. तुमचे पाय वर्षभर चपलेत असतात आणि नऊ दिवस एकाएकी सिमेंट, लादी आणि रेल्वे फलाटावर उतरतात. पट्ट्याला हा अचानक बदल सोसत नाही. पुढच्या वर्षी श्रावणापासून रोज थोडा वेळ अनवाणी चालून सवय वाढवत न्या, किंवा नेम घर आणि देवळापुरता ठेवून शाळेला चप्पल घाला.

दुखण्याचे रूप वेगळे असेल तर मात्र यातले काहीही करण्याआधी डॉक्टरांना दाखवावे. टाच दोन्ही बाजूंनी तळहातांत दाबली असता तीव्र कळ येणे, रात्री झोपेत ठणकणे, जळजळ किंवा मुंग्या, टाच लाल व गरम होणे, ही लक्षणे साध्या पट्ट्याच्या दुखण्याची नाहीत. तरुण माणसाच्या दोन्ही टाचा दुखत असतील आणि सकाळी कंबरही अर्धा तास किंवा अधिक आखडत असेल, तर सांध्यांच्या आजाराची तपासणी करावी लागते.

प्रतिसाद: पहाटवारा, माहीम

ताई, मुलाच्या नडगीविषयी लिहितो, कारण हे दुखणे मी स्वतः भोगले आहे आणि त्याच्यासारख्याच हट्टाने भोगले आहे. मुंबईत जानेवारीत होणारी मॅरेथॉन २००४ पासून सुरू आहे आणि मी त्यात अनेकदा धावलो. एका वर्षी स्पर्धेला सहा आठवडे उरले असताना डाव्या नडगीवर एका बोटाएवढ्या जागी दुखू लागले. मी मलम लावून धावत राहिलो. एक्स-रे काढला तो निर्दोष आला, म्हणून हुरूप येऊन आणखी धावलो, आणि शेवटी पेडर रोडच्या चढावर सराव करताना पाय टेकवेनासा झाला. एमआरआयमध्ये हाडाला तडा गेलेला आढळला. हाडाचा असा बारीक तडा पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रेत बहुधा दिसतच नाही, हे मला तेव्हा कोणी सांगितले नव्हते. माझी ती स्पर्धा तर गेलीच, पुढचे चार महिनेही गेले.

म्हणून पहिले काम हे करा. मुलाला पाय लांब करून बसवा आणि नडगीच्या आतल्या कडेवरून, घोट्यापासून वर, बोटाने हळूहळू दाबत जा. हाडाच्या खालच्या दोन तृतीयांश भागात चार-पाच बोटांच्या रुंदीएवढ्या किंवा त्याहून लांब पट्ट्यात सर्वत्र दुखरे लागत असेल, तर तो नवशिक्या धावकांना सर्रास होणारा प्रकार आहे, ज्याला मैदानावर सगळे शिन स्प्लिंट म्हणतात. एकाच ठिकाणी बोट ठेवून ‘इथेच’ असे तो म्हणत असेल, एका पायावर उडी मारताना तिथेच कळ येत असेल किंवा रात्री पडल्या पडल्या दुखत असेल, तर त्याच दिवसापासून धावणे बंद करून अस्थिरोगतज्ज्ञांकडे न्या. नडगीच्या पुढच्या धारेवर, मधोमध, एका ठिकाणी दुखत असेल तर अधिकच घाई करा, कारण तिथला तडा सहज भरून येत नाही. तिसरा प्रकार कमी आढळतो: ठरावीक अंतर धावले की नडगीच्या बाहेरच्या बाजूचे स्नायू दगडासारखे घट्ट होतात, पाऊल बधिर होते आणि थांबल्यावर काही मिनिटांत सारे ठीक होते. तोही तज्ज्ञांनाच दाखवावा.

शिन स्प्लिंटचे कारण समजले तर तुमचा मुलगा थांबायला तयार होईल असे मला वाटते. चालताना पायावर शरीराच्या वजनाहून थोडा अधिक भार येतो, धावताना तो वजनाच्या दोन-तीन पट होतो. एवढ्या भाराने नडगीचे हाड प्रत्येक पावलाला किंचित वाकते. नवा भार आला की हाड स्वतःला नव्याने घडवते, परंतु घडवताना आधी जुना भाग काढून टाकते आणि मग नवा भरते. त्यामुळे नवीन सराव सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत हाड काही काळ आधीपेक्षा कमकुवत असते, आणि उत्साह मात्र त्याच आठवड्यांत सर्वाधिक असतो. छातीचा दम तीन आठवड्यांत वाढतो, हाडाला तीन महिने लागतात. आपल्याकडे भरतीची मुले जाहिरात आली की धावायला लागतात आणि हाडाला हा वेळ मिळतच नाही. मला याचे फार वाईट वाटते, कारण दरवर्षी चांगली मुले केवळ या घाईने चाचणीच्या दिवशी लंगडत असतात.

त्याने दोन-तीन आठवडे धावणे थांबवावे, पण सराव थांबवू नये. सायकल, पोहणे, जिन्यावर टाचा उचलण्याचा व्यायाम आणि मांडी-नितंबाच्या ताकदीचा व्यायाम हे सारे चालू ठेवता येते. गोळाफेकही चाचणीत असतेच, त्याचा सराव करावा. नडगी दाबून दुखेनाशी झाली आणि अर्धा तास भरभर चालूनही काही झाले नाही, की एक मिनिट धावणे व दोन मिनिटे चालणे असे एक दिवसाआड सुरू करावे. दोन दिवस सलग धावू नये. डांबरी रस्त्यापेक्षा मातीचे मैदान बरे. आम्ही शिवाजी पार्कच्या मातीवर धावतो. कांदिवलीतही एखादे मैदान पहाटे मोकळे मिळेल. एकाच दिशेने सतत फेऱ्या मारू नयेत. पाऊल लांब टाकून टाच पुढे आपटण्याची सवय असेल तर पावले थोडी आखूड आणि थोडी जलद टाकावीत. पावलांचा वेग पाच ते दहा टक्क्यांनी वाढवला तरी नडगीवरचा भार कमी होतो. कॅनव्हासचे झिजलेले बूट असतील तर ते बदला.

जेवणाकडेही लक्ष द्या. वजन कमी करण्यासाठी तो जेवण तोडत असेल तर हाडे भरून येणार नाहीत, आणि ड जीवनसत्त्वाची तपासणी एकदा करून घ्यावी. भरतीची तयारी करणाऱ्या मुलींच्या बाबतीत पाळी अनियमित होणे ही हाडांच्या दृष्टीने धोक्याची खूण समजावी; प्रशिक्षक याबद्दल विचारत नाहीत, म्हणून इथे लिहून ठेवतो.

सांजवेळ, कांदिवली

आपण दोघांनी इतक्या आस्थेने लिहिले, मनापासून आभार. काल रात्री मुलाची नडगी दाबून पाहिली. दोन्ही पायांना आतल्या कडेवर घोट्याच्या चार बोटे वरून सुरू होऊन वीतभर सर्वत्र दुखते, एका ठिकाणी बोट ठेवता येत नाही, आणि रात्री दुखत नाही. हाड आधी काढले जाते आणि मग भरले जाते, हा परिच्छेद मी त्याला वाचून दाखवला. तो बराच वेळ काही बोलला नाही, आणि आज पहाटे धावायला गेला नाही.

प्रतिसाद: चाकरमानी, कुर्ला

याच धाग्यात विचारतो. दोन आठवड्यांपूर्वी गाडीतून उतरताना फलाटाच्या कडेला पाय मुरगळला, घोटा बाहेरच्या बाजूला सुजून काळानिळा झाला. आंबेहळद आणि तुरटीचा लेप लावला. सूज उतरली आहे, चालता येते, पण उतारावर घोटा डगमगतो. गेल्या तीन वर्षांत हाच पाय चौथ्यांदा मुरगळला आहे. एक्स-रे काढावा का?

प्रतिसाद: जुनी परिचारिका, मुलुंड

मी निवृत्त होण्यापूर्वी अनेक वर्षे अपघात विभागात काम केले. मुरगळलेल्या प्रत्येक घोट्याचा एक्स-रे लागत नाही. कॅनडातील ओटावा शहरातील डॉक्टरांनी १९९२ मध्ये यासाठी नियम मांडले आणि ते आजही वापरले जातात. दोन्ही बाजूंच्या घोट्याच्या हाडांची मागची कड, टोकापासून वर सहा सेंटिमीटरपर्यंत, दाबून पाहायची. पावलाच्या बाहेरच्या कडेला करंगळीच्या हाडाचा फुगीर भाग आणि आतल्या बाजूला कमानीच्या वरचे हाड दाबून पाहायचे. यांपैकी कुठेही हाडावर दाबून दुखत असेल, किंवा मुरगळल्यानंतर लगेच आणि तपासणीच्या वेळीही, लंगडत का होईना, चार पावले टाकता येत नसतील, तर एक्स-रे काढावा. तुम्ही चालत आहात ही चांगली गोष्ट आहे, परंतु ही चार ठिकाणे आजच दाबून पाहा.

चार वेळा मुरगळण्याचे कारण मात्र हाडात नसावे. पाऊल आत वळले की घोट्याच्या बाहेरचे बंध ताणले जातात, आणि त्यांच्यासोबत पाऊल कुठे आणि कसे टेकले आहे हे मेंदूला कळवणारी जाणीवही मंदावते. सूज उतरली की आपण बरे झालो असे मानतो, पण ती जाणीव परत आलेली नसते. तिच्यासाठी तोल साधण्याचा व्यायाम हवा: दात घासताना त्या पायावर अर्धा मिनिट उभे राहा, जमले की डोळे मिटून, आणि तेही जमले की घडी घातलेल्या चादरीवर. पडणार नाही अशा ठिकाणी, ओट्याला किंवा भिंतीला हात पोहोचेल असे उभे राहा. सोबत रबरी पट्टा पावलाला अडकवून पाऊल बाहेरच्या बाजूला वळवण्याचा व्यायाम करा. दोन-तीन महिने चिकाटीने केल्यास पुन्हा मुरगळण्याचे प्रमाण निश्चित घटते. तोवर खेळताना किंवा खडबडीत रस्त्यावर घोट्याचा पट्टा वापरा.

लेपाने अपाय नाही, पण ताज्या मुरगळीवर जोरात चोळून मालीश करणे आणि नस बसवण्यासाठी पाय ओढून घेणे कटाक्षाने टाळावे. पूर्वी आम्ही सर्वांना पूर्ण विश्रांती आणि भरपूर बर्फ सांगत असू. ती पद्धत १९७८ मध्ये गेब मिर्किन या अमेरिकी डॉक्टरांनी लोकप्रिय केली होती, आणि पुढे त्यांनी स्वतःच बर्फ व पूर्ण विश्रांतीबद्दलचे मत बदलले. आता पहिले दोन-तीन दिवस जपणे, पट्टी बांधून पाय उंच ठेवणे, दुखणे कमी करण्यापुरता थोडा बर्फ, आणि त्यानंतर सोसेल तसे लवकर चालू लागणे, असे सांगितले जाते.

प्रतिसाद: माझगावची लेक

वर टाचेला शेक देण्याचा उल्लेख आला आहे, म्हणून माझ्या वडिलांची गोष्ट सांगणे मला आवश्यक वाटते. त्यांना १८ वर्षे मधुमेह आहे. तळपाय जळजळतात म्हणून ते रोज रात्री मीठ घातलेल्या गरम पाण्यात पाय बुडवून बसत. एके रात्री पाणी किती कढत आहे हे त्यांना समजलेच नाही, कारण पायांची संवेदना गेलेली होती. दोन्ही तळव्यांना फोड आले आणि त्यातली एक जखम भरायला पाच महिने लागले. घरी ज्यांना मधुमेह आहे त्यांनी गरम पाणी, वीट, हीटिंग पॅड आणि बर्फ यांपैकी काहीही पायावर वापरण्यापूर्वी डॉक्टरांकडून पायांची संवेदना तपासून घ्यावी. नायलॉनचा एक बारीक धागा तळव्याला टेकवून पाच मिनिटांत ही तपासणी होते. आता मी रोज रात्री आरसा घेऊन बाबांचे तळवे आणि बोटांच्या बेचक्या पाहते. कुरूप झाले तर ब्लेडने कापू देत नाही, बाजारातले कुरुपाचे पट्टेही लावू देत नाही.

आणखी एक गोष्ट आम्हाला तेव्हाच समजली. मधुमेही माणसाचे एक पाऊल अचानक सुजून लाल आणि गरम झाले, तर फारसे दुखत नसले तरी त्याच दिवशी दाखवावे, कारण आतली हाडे खचत असण्याची शक्यता असते आणि त्या पायावर चालत राहिल्यास पावलाचा आकार कायमचा बिघडतो.

पाऊलवाट, परळ

माझगावच्या ताईंनी लिहिलेले अत्यंत महत्त्वाचे आहे, आणि माझ्या आधीच्या प्रतिसादात ते राहून गेले होते. त्याला जोडून एवढेच लिहिते की एकाच पायाची पोटरी सुजली, गरम लागली आणि दुखू लागली, विशेषतः लांबच्या प्रवासानंतर किंवा आजारपणात पडून राहिल्यानंतर, तर ती चोळू नये. शिरेत रक्ताची गुठळी असू शकते आणि त्याच दिवशी रुग्णालयात जावे.

मला खाजगी निरोपात दोघांनी टाचेच्या मागच्या बाजूच्या दुखण्याबद्दल विचारले आहे. ते वेगळे दुखणे आहे. पोटरीची जाड शीर (रक्तवाहिनी नव्हे, स्नायूला हाडाशी जोडणारा अकिलीस टेंडन) टाचेच्या हाडाला येऊन मिळते, तिच्यावर हाडापासून दोन ते सहा सेंटिमीटर वर दुखत असेल तर पायरीवर उभे राहून टाच पायरीच्या खालपर्यंत सावकाश उतरवण्याचा व्यायाम उपयोगी पडतो. स्वीडनमधील आल्फ्रेडसन यांनी १९९८ मध्ये मांडलेल्या पद्धतीत तो १५ वेळा, तीन फेऱ्या, दिवसातून दोनदा, बारा आठवडे, गुडघा सरळ ठेवून आणि वाकवूनही करतात. दुखणे अगदी हाडाला चिकटून असेल तर मात्र टाच पायरीच्या खाली नेऊ नये, सपाट जमिनीवरच करावे. सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गटातील प्रतिजैविके घेताना ही शीर दुखू लागली, तर व्यायाम न करता लगेच डॉक्टरांना कळवा.

सांजवेळ, कांदिवली

सात आठवड्यांनी लिहिते आहे. पहिले तीन आठवडे काहीच फरक नव्हता आणि मी दोनदा व्यायाम सोडायच्या विचारात होते. पाचव्या आठवड्यात एका सकाळी उठून स्वयंपाकघरात गेले, गॅस पेटवला आणि मग लक्षात आले की भिंत धरलीच नव्हती. आता सकाळची कळ आठवड्यातून एक-दोनदाच येते, आणि ज्या दिवशी शाळेत दोन जादा तास असतात त्याच्या दुसऱ्या दिवशी नेमकी येते. दोन्ही पायांवर टाचा उचलणे १५ वेळा सहज जमते. एका पायावर सहा वेळा जमते, सातव्याला पोटरी थरथरते. मुलगा मातीवर एक दिवसाआड धावतो आहे, सलग बारा मिनिटांपर्यंत पोहोचला आहे आणि नडगी दाबून दुखत नाही. त्याने वेळ लावून १६०० मीटर धावून पाहावे का, आणि मी पाठीवर वजन कधी घ्यावे?

पहाटवारा, माहीम

अजून दोन आठवडे वेळ लावू नका. सलग वीस मिनिटे आरामात धावता आले, आणि दुसऱ्या दिवशी नडगी दाबून काही लागले नाही, की आठवड्यातून एकदाच २०० मीटरच्या चार जलद फेऱ्या, मधे पुरेसे चालून, असे सुरू करू द्या. पूर्ण १६०० त्यानंतर.

पाऊलवाट, परळ

एका पायावर बारा वेळा, तीन फेऱ्या, पोटरी न थरथरता झाल्या की पिशवीत दोन किलो घ्या. तपासायच्या वह्यांचा एक गठ्ठा पुरेल. जादा तासांच्या दिवशी वर्गात खुर्ची मागून घ्या आणि उदाहरण मुले सोडवत असताना बसा, मात्र उठण्यापूर्वी बोटे ओढायला विसरू नका.